एखाद्या सरकारी धोरणाच्या बाजूचा किंवा विरोधातला युक्तिवाद सबळ आहे की दुर्बळ, हे कसे ठरवावे?

राज्यसेवेच्या तयारीत ‘विधान आणि युक्तिवाद’ या प्रकारच्या प्रश्नांत आपला गोंधळ होतो, आणि चंद्रपूरच्या दारूबंदीसारख्या खऱ्याखुऱ्या वादात तर दोन्ही बाजू सारख्याच पटतात, तेव्हा यासाठी काही कसोटी आहे का, असे आपण विचारले आहे. मी तर्कक्षमता हा विषय शिकवतो. माझ्या मते परीक्षेतली कसोटी खऱ्या धोरणांनाही लागू पडते, मात्र परीक्षेत तिचा अर्धाच भाग वापरायचा असतो.

परीक्षेत युक्तिवादातील माहिती खरी धरून चालायचे असते. तिथे प्रश्न एवढाच असतो की, ही गोष्ट खरी असेल तर तिच्यामुळे निर्णय या किंवा त्या बाजूला झुकेल का. खऱ्या वादात याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो: ती खरी आहे का, आणि कशावरून? आपल्याकडील चर्चांत हा क्रम बहुधा उलटा असतो. एखादा आकडा खरा की खोटा यावर तासभर हमरीतुमरी होते, आणि तो आकडा खरा निघाला असता तरी निर्णय बदलण्याचे काहीच कारण नव्हते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून आधी वजन पाहावे आणि मग खरेपणा तपासावा.

आपण दिलेलेच उदाहरण घेऊ. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही ती व्हावी यासाठी महिलांनी मोठे आंदोलन उभारले, डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, आणि अखेर 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. पुढे सरकार बदलले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आढावा घेतला आणि 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. दोन्ही निर्णयांच्या वेळी भरपूर युक्तिवाद झाले, त्यामुळे सरावासाठी हे प्रकरण फार चांगले आहे.

बंदी उठवण्याच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू आलेला युक्तिवाद असा होता की, बंदीनंतर जिल्ह्यातील गुन्हे वाढले. प्रथमदर्शनी तो सबळ वाटतो, कारण गुन्हेगारी वाढवणारे धोरण कोणाला हवे असेल? पण कोणते गुन्हे, हे विचारताच त्याचे वजन उतरू लागते. परवान्याच्या दुकानातून विकली गेलेली बाटली 31 मार्च 2015 रोजी कायदेशीर व्यवहार होती. दुसऱ्या दिवसापासून तीच बाटली विकणे, बाळगणे आणि वाहून नेणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खालील गुन्हा ठरला. म्हणजे दारूच्या वापरात काडीचाही फरक पडला नसता, अगदी तो घटला असता, तरी नोंदवलेल्या गुन्ह्यांची संख्या वाढलीच असती. पोलीस जितके कार्यक्षम, तितका हा आकडा मोठा. जो आकडा धोरण यशस्वी झाले तरी वाढतो आणि फसले तरी वाढतो, त्यावरून धोरणाविषयी कोणताच निष्कर्ष निघत नाही.

याचा अर्थ गुन्हेगारीचा मुद्दाच निकालात निघाला असा नाही. दारूबंदी कायद्याखालील गुन्हे वेगळे काढून मारहाण, खून, घरगुती हिंसा आणि अपघात यांचे काय झाले, हे विचारता येते. आणि त्याच काळात यवतमाळ किंवा भंडारा या बंदी नसलेल्या शेजारच्या जिल्ह्यांत काय झाले, हेही सोबत पाहावे लागते. जिल्ह्याची तुलना त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी आणि शेजाऱ्याच्या वर्तमानाशी एकाच वेळी केली, तरच बदलाचे श्रेय किंवा दोष बंदीकडे जातो. ‘वाढले’ हे क्रियापद एकटे आले की मी विद्यार्थ्यांना थांबायला सांगतो: कशाच्या तुलनेत?

दुसरा युक्तिवाद महसुलाचा. सरकारचा उत्पादन शुल्काचा आणि विक्रीकराचा महसूल बुडाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हाच वक्ता पुढच्या वाक्यात म्हणतो की बंदी केवळ कागदावर होती आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दारू मुबलक येत होती. हे दोन मुद्दे एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहा. वर्धा नदीपलीकडच्या वणीहून किंवा नागपूर जिल्ह्यातून आलेली दारू जर राज्यातच कायदेशीर रीतीने तयार होऊन विकली गेली असेल, तर तिच्यावरचा कर राज्याला मिळालेलाच आहे. फक्त त्याची नोंद चंद्रपूरच्या नावावर झाली नाही. उलट ती तेलंगणातून चोरून आली असेल किंवा बनावट असेल, तर महसूल खरोखरच बुडाला. तेव्हा ‘बंदी फसली’ आणि ‘महसूल बुडाला’ हे दोन्ही मुद्दे पूर्ण ताकदीने मांडायचे असतील तर दारू कुठून येत होती हे आधी सांगावे लागते, आणि ते सांगणारे मला तरी फार कमी भेटले. एकाच बाजूचे दोन युक्तिवाद परस्परांना छेद देतात का, हे पाहण्याची सवय परीक्षेत लागत नाही, कारण तिथे प्रत्येक युक्तिवाद सुटा तपासायचा असतो.

हा दोष दुसऱ्या बाजूलाही आहे. बंदीचे समर्थक एकीकडे बंदीमुळे घराघरांत फरक पडल्याचे सांगत, आणि त्याच दमात पोलिसांनी अंमलबजावणी केलीच नाही अशी तक्रार करत. दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या असू शकतात, पण ते प्रमाण सांगितल्याशिवाय त्यांची बेरीज होत नाही.

समर्थकांचा राज्यघटनेवर आधारलेला युक्तिवाद मला दिसतो त्यापेक्षा दुर्बळ वाटतो. अनुच्छेद 47 नुसार औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, हे खरे आहे. त्यामुळे बंदीचा हेतू घटनाबाह्य आहे हा आक्षेप खोडला जातो. परंतु तोच अनुच्छेद पुण्यालाही लागू आहे आणि कोल्हापूरलाही. तेव्हा एका जिल्ह्यात, या पद्धतीने, आत्ताच बंदी का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ‘वर्धा आणि गडचिरोलीत आहे म्हणून चंद्रपुरातही’ हा तर परीक्षेतला ठरलेला दुर्बळ युक्तिवाद. पण तो जरासा बदलून पाहा: मधला जिल्हा ओला राहिला तर दोन्ही बाजूंच्या बंदीला गळती लागते, म्हणून तिन्ही जिल्ह्यांत बंदी हवी. आता तो अनुकरणाचा राहिला नाही. त्यात कारण आले, आणि म्हणून वजन आले.

आकड्यांच्या बाबतीत बिहारचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे एप्रिल 2016 पासून संपूर्ण बंदी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 वर्षांवरील पुरुषांत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण बिहारमध्ये 15.5 टक्के तर बंदी नसलेल्या महाराष्ट्रात 13.9 टक्के आढळले, आणि त्यावरून बंदी निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. आकडे खरे आहेत, तुलना चुकीची आहे. बिहारची तुलना बंदीपूर्वीच्या बिहारशी व्हायला हवी, आणि चौथ्या फेरीत, म्हणजे बंदीच्या आदल्या वर्षी, तिथे 15 ते 49 वयोगटातील पुरुषांत हे प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास होते. वयोगटातील फरक लक्षात घेऊनही घट मोठी दिसते. मात्र समर्थकांनी लगेच हुरळून जाऊ नये. जिथे पिणे हाच गुन्हा आहे तिथे घरी आलेल्या अनोळखी सर्वेक्षकाला ‘हो, पितो’ असे किती जण सांगतील? घट काही अंशी पिण्यातली असेल आणि काही अंशी कबुलीतली.

विषारी दारूचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. बंदी असलेल्या बिहार आणि गुजरातमध्ये अशा दुर्घटना घडल्या आहेत, पण जून 2015 मध्ये शंभराहून अधिक बळी गेले ते मुंबईतल्या मालवणीत, जिथे परवान्याची दुकाने उघडीच होती. म्हणून बंदी हे याचे एकमेव कारण मानता येत नाही. स्वस्त दारूची गरज हे कारण दोन्हीकडे आहे.

मग माझ्या मते सबळ युक्तिवाद कोणते? बंदी उठवण्याच्या बाजूने एक आहे: अवैध वाहतुकीत स्त्रिया आणि मुले ओढली गेली, हा. तो खरा असेल तर ते नुकसान बंदीआधी नव्हते, बंदीमुळेच निर्माण झाले, आणि ज्यांच्या रक्षणासाठी बंदी आणली त्यांच्याच वाट्याला आले. बंदीच्या बाजूने सबळ मुद्दा हा की, दारू लांब गेली आणि महाग झाली म्हणजे नवखा तरुण तिच्याकडे वळण्याची शक्यता कमी होते. पण हीच महागाई व्यसनी माणसाच्या घरातला पैसा अधिक वेगाने बाहेर काढते. त्यामुळे इथे ‘फायदा की तोटा’ यापेक्षा ‘कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा’ असे विचारणे भाग आहे.

या सगळ्या वादात बंदी विरुद्ध खुली दुकाने अशा दोनच पर्यायांची तुलना झाली, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या राज्यात गावाने किंवा प्रभागाने मतदान घेऊन दुकान बंद करण्याची तरतूद आहे, जिला सगळे ‘आडवी बाटली’ म्हणून ओळखतात. त्यात झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे मतदानाला न आलेली बाई आपोआप ‘उभ्या बाटली’कडे मोजली जाते. ही अट जाचक आहे, असे चळवळीतल्या स्त्रिया म्हणतात आणि ते बरोबर आहे. तरीही जिथे ती पार पडते तिथे दुकान बंद झाल्यावर पाळत ठेवणारी संघटना आधीच तयार असते, आणि जिल्हाव्यापी बंदीचे सर्वांत लंगडे अंग तर अंमलबजावणीच होते. तिसरा पर्याय समोर आला की आधी सबळ वाटणारे दोन्ही बाजूंचे काही युक्तिवाद आपोआप हलके होतात.

परीक्षेत मात्र हे मनात आणू नका. तिथे विधानात जेवढे दिले आहे तेवढ्यावरच, माहिती खरी धरून उत्तर द्यावे. महसुलाचा मुद्दा पर्यायात आला तर तो बहुधा सबळ धरला जातो, आणि चंद्रपूरची दारू कुठून येत होती हे तिथे कोणी विचारत नाही.