रक्तवाहिनी भलत्याच जागेतून निघाली, तर?

प्रश्न : वय ४९. छातीत अधूनमधून टोचतं, बहुतेकदा बसल्याबसल्याच. करोनरी सीटी अँजिओग्राफी केली. ब्लॉकेज नाही, पण रिपोर्टमध्ये 'सर्कमफ्लेक्सचा उगम उजव्या सायनसमधून, मार्ग महाधमनीच्या मागून. एलएडीच्या मधल्या भागात मायोकार्डियल ब्रिजिंग' असं आहे. मेहुणे म्हणतात, जन्मजात दोष आहे, ऑपरेशन लागेल. खरं का?

उत्तर : मेहुण्यांना सांगा, इतक्यात नको. असे रिपोर्ट मी रोज लिहिते. वाहिनी कुठून निघाली याची नोंद करतेच, पण काळजी ठरते ती कुठून जाते यावर.

महाधमनीच्या मुळाशी सायनस नावाचे तीन फुगीर कप्पे असतात. उजव्यातून उजवी करोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी, निघते. डाव्यातून निघालेली डावी करोनरी पुढे एलएडी आणि सर्कमफ्लेक्स अशी दुभंगते. साधारण शंभरात एखाद्याची मांडणी निराळी असते. तुमची सर्कमफ्लेक्स उजवीकडून निघून, महाधमनीला मागून वळसा घालून डावीकडे आपल्या नेहमीच्या जागी पोचते. हा प्रकार आम्हाला बऱ्यापैकी वेळा दिसतो आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो.

मी दचकते ती वेगळ्या चित्राला : डावी मुख्य धमनी (दुभंगण्याआधीची डावी करोनरी) उजव्या सायनसमधून निघते आणि महाधमनी व फुप्फुस धमनी या दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते. तिचं तोंड पुष्कळदा फटीसारखं चपटं असतं, सुरुवातीचा भाग महाधमनीच्या भिंतीतूनच जातो, आणि जोराच्या श्रमात रक्त कमी पडू शकतं. तरुण खेळाडू मैदानात अचानक दगावतात, त्यामागचं हे एक कारण. तिथे ऑपरेशनचा विचार खरोखरच करावा लागतो.

हा फरक कॅथेटरच्या, म्हणजे बारीक नळी आत घालून केलेल्या अँजिओग्राफीत ओळखणं अवघड जातं. १९५८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या तपासणीत डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव्य) अनपेक्षितपणे थेट उजव्या करोनरीत गेला आणि त्यातूनच ही पद्धत उभी राहिली. ब्लॉकेज पाहायला ती आजही उत्तम. पण तिच्यात वाहिनीची फक्त आतली पोकळी दिसते, शेजारी कोण आहे ते कळत नाही. सीटीत सगळा शेजार दिसतो, चित्र हवं तसं फिरवता येतं. मात्र हृदय हलतं, म्हणून गरज पडल्यास नाडी साठच्या आसपास आणायला गोळी देतात आणि ईसीजीशी ताळमेळ राखून चित्रं घेतात. ती नुसती औपचारिकता नव्हती.

आता ब्रिजिंग. एलएडी सहसा हृदयाच्या पृष्ठभागावर चरबीत असते. तुमच्यात तिचा एक तुकडा स्नायूखाली शिरलाय. सीटीवर साधारण पाचात एकाला हे दिसतं. आकुंचनाच्या वेळी तो तुकडा दाबला जातो, पण डाव्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त हृदय सैल पडतं तेव्हाच मिळतं, म्हणून बहुतेकांना काही जाणवत नाही. तुकडा लांब, खोल असेल आणि श्रम केल्यावर दुखत असेल, तर स्ट्रेस टेस्ट आणि आधी औषधं. थेट स्टेंट सुचवणाऱ्याला मी तरी दोन प्रश्न जास्त विचारीन. तुमचं दुखणं बसल्याबसल्याचं आहे. स्नायू, आम्लपित्त हेही फिजिशियनकडून तपासून घ्या. चालताना दुखू लागलं, दम लागला किंवा भोवळ आली, तर मात्र थांबू नका.

रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा. पुढे कधी झडपेचं ऑपरेशन झालंच, तर महाधमनीच्या मागून जाणारी ही वाहिनी टाक्यांच्या अगदी जवळ असते. सर्जनला ते आधीच माहीत हवं. कॅथेटर अँजिओग्राफी करणाऱ्यालाही सांगा, नाहीतर सर्कमफ्लेक्स दिसत नाही म्हणजे ती बंदच पडली, असा समज व्हायचा.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये 'लेफ्ट डॉमिनंट' लिहिलंय. उजवी बाजू कमजोर आहे का?

उत्तर : नाही. हृदयाच्या मागच्या खाचेतून उतरणारी धमनी ज्या बाजूच्या करोनरीतून येते, ती बाजू डॉमिनंट. बहुतेकांची उजवी, दहात सुमारे एकाची डावी, काहींची दोन्ही. पुढे कधी डाव्या मुख्य धमनीत अडथळा आलाच, तर जास्त स्नायू धोक्यात येतो, म्हणून आम्ही ते लिहून ठेवतो.