मुलीला मेडिकल लाइनला घालायचंय, एमबीबीएस जमणार नाही. जास्त पगार कुठल्या कोर्सला?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी घेतलंय, नीटचे गुण एमबीबीएसला पुरणार नाहीत आणि राहायला ऐरोलीला आहात. मी 2006 साली जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला, पुढे पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी केली, आज नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. म्हणून नर्सिंगबद्दल खात्रीने सांगते, बाकीचं थोडक्यात.

पगाराचा आकडा विचारण्याआधी विचारा, कोर्स संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळणार का? माझ्या मामेबहिणीने ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमधून नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. मामाने एफडी मोडून ऐंशी हजार भरले होते. पांढरा ड्रेस मिळाला, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट मिळालं, रजिस्ट्रेशन काही झालं नाही. तिचा हात इतका हलका आहे की तान्ह्या बाळाची शीर तिला पहिल्या फटक्यात सापडते. तरी नर्सिंग होममध्ये तिला स्टाफ नर्स म्हणून घेत नाहीत आणि पगार माझ्या ज्युनिअर मुलींच्या निम्मासुद्धा नाही. याचा मला आजही राग येतो.

तुमच्या मुलीसाठी मी बीएस्सी नर्सिंगच सुचवेन. चार वर्षांचा कोर्स आहे आणि प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते, तिची तारीख चुकवू नका. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे का ते तपासा. नेरूळ, कामोठे भागात अभिमत विद्यापीठं आहेत, ती स्वतःची पदवी देतात, पण फी जास्त. आणि एक काम कराच: ज्या रुग्णालयात मुलींना पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला पाठवतात तिथे दुपारी स्वतः चक्कर मारा. वॉर्डातल्या खाटा रिकाम्या दिसल्या तर ते कॉलेज सोडा. चार वर्षं रिकाम्या खाटांवर शिकलेली मुलगी आयसीयूत आली की व्हेंटिलेटरचा अलार्म वाजताच दोन पावलं मागे सरकते. तिचा दोष नसतो, पण चांगल्या जागेची मुलाखत तिथेच हातची जाते.

आता पगार. खासगीत सुरुवात कमीच होते, मनाची तयारी ठेवा. 2010 साली माझा पहिला पगार नऊ हजार होता, तोही नाईट धरून. दोन-तीन वर्षं आयसीयू, डायलिसिस किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये काढली की मागणी वाढते. कुठेही ठराविक काळ नोकरी सोडणार नाही या बाँडसाठी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायला लागले तर देऊ नका, झेरॉक्स द्या. सरकारीत जायचं तर एम्सची नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा आहे. बीएस्सीवाल्या मुली ती थेट देऊ शकतात, जीएनएमला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगारच 44,900 पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. परदेशाचं म्हणाल तर जर्मनीला नर्सेस हव्या आहेत, पण जर्मन भाषा बी2 पातळीपर्यंत यावी लागते. ती शिकायला तिसऱ्या वर्षापासून सुरुवात केलेली बरी.

रक्ताची, रात्रपाळीची तिला अगदीच धास्ती असेल तर बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी बघा. तीन वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफी (एक्स-रे वगैरे), कॅथलॅब (अँजिओग्राफी होते ती जागा), परफ्युजन (हृदयाच्या ऑपरेशनवेळी हार्ट-लंग मशीन चालवणं) असे विषय मिळतात. पण कॅथलॅब, परफ्युजनमध्ये रक्त दिसतंच आणि कॅथलॅबलाही रात्री दोनला बोलावणं येतं, हे तिला आधीच सांगा.

तुमच्या प्रश्नात मुलीला काय हवंय ते कुठेच आलं नाही. तिला एकदा माझ्याशी बोलायला सांगा, इथे मेसेज केला तरी चालेल. आणि फॉर्म भरण्याआधी कॉलेजचं नाव कळवा, कौन्सिलच्या यादीत आहे का ते मी बघून सांगते.