बार्ज हळू चालते? तिसरं इंजिन बसवण्याआधी फेरे मोज

डिचोलीहून तू विचारलं आहेस की स्टॉर्मवर्क्स या बोटी बांधायच्या गेममध्ये आपल्या मांडवीतल्या खनिजाच्या बार्जसारखी ३८ मीटरची बार्ज बांधली. एक मोठं डिझेल इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि मागे दोन मोठे प्रोपेलर. डायलचा काटा ४ च्या पुढे सरकेना, म्हणून दुसरं इंजिन बसवलंस तर ४.५ झाले. आता तिसरं बसवू का?

नको बसवू. त्या ४.५ मध्येच निम्मं उत्तर आहे. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. म्हणजे शक्ती दुप्पट केली तरी वेग सव्वापटच होणार, ४ चे ५. तुला तेवढेही मिळाले नाहीत. दुसऱ्या इंजिनाची बरीचशी शक्ती प्रोपेलरपर्यंत पोचलेलीच नाही. तिसऱ्याचंही तेच होईल, वर त्याचं वजन आणि डिझेल.

आधी एक गैरसमज दूर करू. स्पीड सेन्सरची तार थेट डायलला जोडली असशील तर ते ४ म्हणजे नॉट (तासाला सागरी मैल) नव्हेत. सेन्सर मीटर प्रति सेकंद देतो. १.९४ ने गुण, पावणेआठ नॉट होतात. भरलेल्या बार्जला हा वेग लाजिरवाणा नाही. तरीही दोन इंजिनांच्या मानाने ४.५ कमीच, म्हणून पुढचं वाच.

माझे वडील सावर्ड्याहून मुरगाव बंदरापर्यंत खनिज नेणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होते. शाळेला सुट्टी पडली की मीही इंजिनखोलीत. एकदा दुरुस्तीच्या यार्डातून बार्ज नवा प्रोपेलर लावून आली आणि पहिल्यापेक्षा हळू चालायला लागली. इंजिन तेच, डिझेल तेच. सारंग, म्हणजे बार्ज हाकणारा, म्हणे इंजिन म्हातारं झालं. वडिलांनी आधी धुराकडे पाहिलं, मग इंजिन किती फेरे फिरतंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे. धूर काळा आणि काटा नेहमीच्या जागेच्या बराच खाली. नव्या प्रोपेलरच्या पात्यांना पिच, म्हणजे तिरकेपणा, जास्त होती. एकेका फेऱ्यात तो इतकं पाणी ढकलायला बघे की इंजिनाला आपल्या फेऱ्यांवर चढताच येईना, आणि फेरे नाहीत तर शक्तीही नाही. जुना प्रोपेलर परत चढवला, बार्ज पूर्वीसारखी पळाली. इंजिनाला कोणी हात लावला नव्हता.

तुझ्या बार्जमध्ये प्रोपेलर बदलायची गरज नाही, कारण तेच काम गिअरबॉक्स करतो. पण त्याच्याआधी क्लच.

टॉर्क मीटर नावाचा भाग घे. तो सेकंदाला किती फेरे, म्हणजे आरपीएस, सांगतो. एक इंजिन आणि क्लचच्या मध्ये बसव, दुसरा क्लचच्या लगेच पुढे, तिसरा प्रोपेलरच्या तोंडाशी. हवामान शांत ठेव, पूर्ण थ्रॉटल दे आणि वेग स्थिर होईपर्यंत थांब. मग तिन्ही आकडे लिहून काढ.

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात फरक दिसला तर क्लच घसरतोय. मला सर्वात जास्त संशय इथेच आहे, कारण क्लच घसरत असला की इंजिनं वाढवून फारसं हाती लागत नाही. बरेच जण थ्रॉटलचा लिव्हरच क्लचला जोडतात. लिव्हर ०.६ वर असला की क्लचही ०.६ वर राहतो आणि अर्धवट धरतो. क्लचला वेगळा संकेत दे. इंजिन सुरू होऊन फेरे जमेपर्यंत ०, मग हळूहळू १, आणि पुढे १ वरच. वेग फक्त थ्रॉटलने कमीजास्त करायचा. मात्र क्लच एकदम १ करू नकोस, इंजिन बंद पडेल.

क्लच ठीक निघाला तर गिअरबॉक्सकडे ये. इंजिनाचे फेरे पूर्ण थ्रॉटलवरही खालीच अडकलेले असतील तर वडिलांच्या बार्जचंच दुखणं आहे, ओझं जास्त. प्रोपेलर हळू आणि इंजिन मोकळं फिरेल असं गुणोत्तर एक पायरी बदल. उलट इंजिन जोरात फिरतंय आणि बार्ज रेंगाळतेय, तर गिअर गरजेपेक्षा जास्त उतरवलाय. गिअरबॉक्स उलट्या तोंडाने बसला नाही ना, हेही बघ. मग ३:१ ने फेरे कमी होण्याऐवजी तिप्पट होतात आणि इंजिन दबून जातं. एका वेळी एकच बदल आणि दर वेळी पाण्याचा तोच पट्टा, तोच माल. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने फरक पडला ते तुला कधीच कळणार नाही.

आता माल. रिकामी बार्ज बरी चालते आणि भरली की मरते, असं होत असेल तर बाहेरून कॅमेरा फिरवून पाण्याची रेषा बघ. भरल्यावर ती कुठे येते? हवा घेणारं तोंड किंवा धुराची नळी पाण्याखाली गेली तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. दोन्ही वर घे, डेकच्याही वर. रिकामी असतानाही मागचा भाग दर फेरीला थोडा जास्त बसतोय असं वाटलं, तर कुठल्या तरी कप्प्यात पाणी शिरतंय. बहुतेक वेळा शाफ्ट किंवा पाइप जिथून भिंत ओलांडतो तिथेच एक चौकोन उघडा राहिलेला असतो. इंजिनाचं तापमानही लिहून ठेव. ते चढतच राहिलं तर थंड पाण्याचा पंप चालू आहे का, ते पाहा.

नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आकार मी मुद्दाम शेवटी ठेवला. खऱ्या बार्जचं पुढचं तोंड बोथट असतं आणि तू ते हुबेहूब केलंयस, मला फार आवडलं. कुंभारजुवे कालव्यातून पावसाळ्यात बार्ज जायच्या, आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध धोक्याचा होतो म्हणून, तेव्हा किनाऱ्यावरून अगदी असंच तोंड दिसायचं. ते बिघडवू नकोस. हवं तर पाण्याखालचे ठोकळे तिरके करून एक प्रत जतन कर आणि त्याच पट्ट्यावर पळवून बघ.

आणि एक चाचणी सगळ्याच्या आधी कर, पाच मिनिटांचं काम. तुझ्या बार्जवर ठोकळे खूप आहेत, कॉम्प्युटर दमला की गेममधला काळच हळू सरकतो आणि बार्ज हळू चालल्यासारखी वाटते. गेम सेकंदाला साधारण ६० टिक, म्हणजे हिशेबाच्या पायऱ्या, चालतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये (गेममधल्या छोट्या कॉम्प्युटरच्या भागात) दर टिकला १ वाढणारा काउंटर टाक आणि मोबाइलचं घड्याळ लाव. ३६०० व्हायला साधारण एक मिनिट लागायला हवं. दीड मिनिट लागलं तर सगळा दोष इंजिनाचा नाही, दिवे आणि सजावटीचे भाग कमी कर.

दुसरं इंजिन सध्या काढून ठेव. एकाच इंजिनावर रिकामी आणि भरलेली अशा दोन फेऱ्या मार, आणि दोन्हींचे तीन-तीन आरपीएस, वेग, तापमान आणि एकूण वजन मला लिहून पाठव. गिअर कुठल्या पायरीवर आणायचा ते त्या आकड्यांवरून सांगतो.