आफ्रिकेतील शिकारीची जुनी पुस्तके : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आफ्रिकेतील मोठ्या जनावरांच्या शिकारीवरची जुनी इंग्रजी पुस्तके क्रमाने वाचावीत, अशी इच्छा आहे. नावे पुष्कळ ऐकली आहेत, परंतु सुरुवात कोठून करावी, हे ठरत नाही.

उत्तर : पहिले पुस्तक फ्रेडरिक सेलूसचे घ्यावे, आणि ते वाचून झाल्यावर मागे जाऊन प्रकाशनाच्या वर्षांप्रमाणे पुढे यावे, असा माझा आग्रह आहे. सेलूसचे ‘अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका’ हे पुस्तक १८८१ साली लंडनमध्ये निघाले. त्याच्या आरंभीच तो सांगतो की, १८७१ च्या सप्टेंबरात अल्गोआ उपसागराच्या किनाऱ्यावर तो उतरला, तेव्हा त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते आणि खिशात ४०० पौंड होते. पुढच्या वर्षी हत्तीच्या शिकारीची परवानगी मागायला तो मटाबेले लोकांचा (आजच्या झिंबाब्वेतील) राजा लोबेंगुला याच्याकडे गेला, त्या वेळी या कोवळ्या पोराकडे पाहून राजाला हसू आले, तेही त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत त्याने ७८ हत्ती मारले आणि त्यांपैकी एक वगळता सर्व पायी हिंडून मारले. हाती होत्या त्या चार बोअरच्या, म्हणजे फार रुंद नळीच्या, ठासणीच्या, स्वस्तातल्या बंदुका. त्यांतून सुमारे चार औंसांचा गोळा सुटे आणि धक्का असा बसे की, त्याचा परिणाम आपल्या नेमबाजीवर कायमचा झाला, अशी तक्रार सेलूस पुढे करतो.

सेलूस आधी वाचावा, याचे कारण त्याची नजर आहे. जनावराची चाल, कळपाची रचना, शिंगांची ठेवण, पाणवठ्यांमधील अंतर या गोष्टी तो इतक्या बारकाईने नोंदवतो की, दुसऱ्या कोणत्याही लेखकाला जोखण्याचे माप वाचकाच्या हाती येते. त्यानंतर विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस, रौलिन गॉर्डन-कमिंग (१८५०), विल्यम चार्ल्स बाल्डविन (१८६३), आर्थर न्यूमन (१८९८), पॅटरसन (१९०७), थिओडोर रूझवेल्ट (१९१०) आणि डब्ल्यू. डी. एम. बेल (१९२३) असे यावे. या क्रमाने वाचताना शिकाऱ्याचा मुलूख दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. ऑरेंज आणि लिंपोपो नद्यांचा प्रदेश मागे पडतो, मग झांबेझी येते, मग केनिया पर्वत आणि रुडॉल्फ (आजचे तुर्काना) सरोवर, आणि बेलबरोबर आपण युगांडातील कारामोजात पोहोचतो. ज्या प्रदेशात एका पिढीने कळप पाहिले, तेथे पुढच्या पिढीला जनावर मिळत नाही, म्हणून तिला पुढे जावे लागते. ही गोष्ट कोणताही एक लेखक पूर्णपणे सांगत नाही. ती पुस्तके ओळीने लावली की दिसते.

प्रश्न : संग्रहासाठी पहिल्या आवृत्तीचाच आग्रह धरावा का? जुनी प्रत विकत घेताना काय तपासावे?

उत्तर : पहिल्या आवृत्तीपेक्षा पूर्ण प्रतीचा आग्रह धरावा. या विषयातील ग्रंथांची किंमत आणि त्यांची खरी उपयुक्तता बहुतेक वेळा मजकुराबाहेरच्या भागांत असते. घडीचा नकाशा, चित्रांची स्वतंत्र पाने, शेवटची परिशिष्टे आणि मारलेल्या जनावरांची यादी हे ते भाग होत, आणि प्रत हातोहात फिरताना नेमके हेच भाग प्रथम गळतात. नकाशा घडीवर फाटतो, मग कोणीतरी तो काढून ठेवतो, आणि पुन्हा बांधणी होते तेव्हा तो परत येत नाही. चित्रे तर चौकटीत लावण्यासाठी कापली जातात. नकाशाविना सेलूसची पहिली आवृत्ती घेण्यापेक्षा नकाशासह असलेले चांगले पुनर्मुद्रण मी केव्हाही पसंत करीन, कारण हा माणूस आज कोणत्या नदीच्या कोणत्या बाजूला आहे, हे न कळता त्याचे वाचन निम्म्याने वाया जाते.

तपासणीची रीत सोपी आहे, पण ती टाळू नये. पुस्तकाच्या आरंभी चित्रांची यादी असते. ती समोर ठेवून प्रत्येक चित्र आपल्या जागी आहे की नाही, ते बोट ठेवून पाहावे. शीर्षकपृष्ठाची मागची बाजू वाचावी, कारण अनेक प्रकाशक तेथे पुनर्मुद्रणांच्या तारखा छापत. ग्रंथालयाचा शिक्का, खिसा काढल्याच्या खुणा आणि पुठ्ठ्याचा सांधा पाहावा. लंडनच्या पिकॅडिलीतील रोलंड वॉर्ड यांचा मुख्य व्यवसाय जनावरांची कातडी भरून जतन करण्याचा होता, आणि त्यांनी शिकारीची पुस्तकेही काढली. न्यूमनचा हत्तींवरील ग्रंथ आणि सेलूसचे १८९३ चे ‘ट्रॅव्हल अँड ॲडव्हेंचर इन साऊथ-ईस्ट आफ्रिका’ ही दोन्ही त्यांचीच प्रकाशने आहेत. त्यांच्या पुष्कळ पुस्तकांत पुठ्ठ्याच्या आतील बाजूस झेब्र्याच्या पट्ट्यांची नक्षी असलेला कागद असतो. तो बदललेला दिसला, तर बांधणी नव्याने झाली आहे, असा संशय घ्यावा आणि मग बाकीची पाने अधिक काळजीने मोजावीत.

येथे हॅरिसविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण संग्राहकांच्या दृष्टीने त्याची गोष्ट विलक्षण आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अभियंता अधिकारी होता. प्रकृतीच्या कारणाने रजा घेऊन तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि १८३६-३७ मध्ये राजा मझिलिकाझीच्या परवानगीने त्याच्या मुलखातून हिंडला. मागालीसबर्गच्या डोंगरांत त्याला काळ्या तुकतुकीत अंगाचे आणि मागे वळलेल्या लांब शिंगांचे एक हरिणवर्गीय जनावर मिळाले. आज आपण त्याला सेबल म्हणून ओळखतो, आणि युरोपीय प्राणिशास्त्राला ते हॅरिसमुळेच माहीत झाले. त्याचा वृत्तांत प्रथम १८३८ साली मुंबईत छापला गेला, लंडनची आवृत्ती त्यानंतर १८३९ साली निघाली. म्हणजे या परंपरेतील एका अग्रगण्य ग्रंथाची पहिली आवृत्ती लंडनची नाही, हे यादी करताना ध्यानात ठेवावे. त्याने काढलेल्या चित्रांचा मोठ्या आकाराचा संग्रह १८४० पासून निघाला, त्यात तीस रंगीत शिळाछाप चित्रे आहेत. तो संग्रह अखंड मिळणे आता कठीण आहे, कारण सुटी चित्रे विकून अधिक पैसा मिळतो. तसे एखादे सुटे पान विकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक सुट्या पानाच्या खरेदीने दुसरी एखादी अखंड प्रत फोडण्याला उत्तेजन मिळते.

प्रश्न : या शिकाऱ्यांनी लिहिलेले खरे किती मानावे? पुष्कळ ठिकाणी अतिशयोक्ती वाटते.

उत्तर : प्रत्येक लेखक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. गॉर्डन-कमिंगचे पुस्तक निघाले, तेव्हा अनेकांनी त्याला थापाड्या ठरवले होते. परंतु त्याच मुलखात राहिलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८५७ च्या आपल्या ग्रंथात, दक्षिण आफ्रिकेतील शिकारीची खरी कल्पना या पुस्तकातून येते, अशी ग्वाही दिली. त्याची शैली बढाईखोर आहे, म्हणून वृत्तांत खोटा ठरत नाही.

पॅटरसनची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ हे पुस्तक १८९८ मधील दोन आयाळरहित नर सिंहांविषयी आहे. केनियातील त्सावो नदीवर पॅटरसनच्या देखरेखीखाली चाललेले युगांडा रेल्वेच्या पुलाचे काम या सिंहांनी बंद पाडले होते. पुस्तकात २८ हिंदी मजूर आणि त्यांशिवाय मोजदाद न झालेले आफ्रिकी लोक बळी पडल्याचे तो लिहितो, पुढे मात्र त्याने एकूण आकडा १३५ असा सांगितला. हे सिंह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहेत. त्यांच्या हाडांतील आणि केसांतील रासायनिक खुणांवरून त्यांच्या आहाराचा जो अंदाज २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात खाल्लेल्या माणसांची संख्या पस्तिसाच्या आसपास येते. मारलेला प्रत्येक माणूस पूर्ण खाल्ला गेलाच असेल, असे नाही, त्यामुळे हा हिशेब अखेरचा मानू नये. तरी पुस्तकातील आकडा आणि नंतरच्या आठवणीतील आकडा यांत फरक पडला, तर आधी लिहिलेल्या आकड्याकडे झुकावे, हा माझा नेम आहे. याच पुस्तकात रोशन नावाच्या मिस्त्रीने सिंहांवर आणि पॅटरसनवर हिंदुस्थानीत रचलेल्या दीर्घ कवितेचे भाषांतर आहे. काही वाचक ते पान उलटून पुढे जातात. तसे करू नये. त्या छावणीतील मजुरांच्या बाजूने उरलेला आवाज तेवढाच आहे.

प्रश्न : इतक्या जनावरांच्या हत्येची वर्णने आज आवडीने वाचावीत का? घरातील मंडळी हाच प्रश्न विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : घरच्या मंडळींचा प्रश्न योग्य आहे आणि तो मनात बाळगूनच ही पुस्तके वाचावीत. रूझवेल्ट आणि त्याचा मुलगा कर्मिट यांनी १९०९-१० च्या मोहिमेत दोघांनी मिळून ५१२ जनावरे मारली, त्यांची जातवार यादी रूझवेल्टनेच पुस्तकात दिली आहे. बेलने आयुष्यात हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि तेही मुख्यतः सात मिलिमीटरसारख्या हलक्या रायफलींनी. नेमका मेंदू कोठे असतो, हे दाखवण्यासाठी त्याने हत्तीच्या कवटीच्या आकृत्या काढल्या. त्या वाचताना कौशल्याविषयी आदर आणि संख्येविषयी विषाद या दोन्ही भावना एकाच वेळी मनात येतात. त्यांपैकी एक दाबून टाकण्याची गरज नाही.

तरीही मी ही पुस्तके सोडणार नाही, कारण काय नाहीसे झाले, याची साक्ष बहुतांशी मारणाऱ्यांच्याच हातून लिहिली गेली आहे. हॅरिसने क्वाग्गाचे, म्हणजे झेब्र्याच्या एका प्रकाराचे, प्रचंड कळप पाहिल्याचे नोंदवले. त्यानंतर अर्धे शतकही झाले नाही, तोच १८८३ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा क्वाग्गा मेला. हत्ती दुर्मिळ झाल्याची सेलूसची तक्रार त्याच्या पहिल्याच पुस्तकात सुरू होते, आणि पुढे तो हस्तिदंताच्या मागे लागण्याऐवजी संग्रहालयांसाठी नमुने गोळा करू लागतो. अशा नोंदी वेगळ्या वहीत तारीख, स्थळ आणि जनावर या क्रमाने उतरवून ठेवाव्यात. मारलेल्या जनावरांच्या यादीचे पान फाटलेले पुस्तक घेऊ नये, असे मी म्हणतो, त्याचे कारण हेच आहे.

या पुस्तकांत एक उणीव माणसांचीही आहे. माग काढणारे, बंदूक वाहणारे, सुळे डोक्यावर घेऊन शेकडो मैल चालणारे यांची नावे क्वचितच येतात, आणि त्यांच्याविषयीची भाषा पुष्कळदा साम्राज्याच्या उद्दामपणाने भरलेली असते. बेलने कारामोजोंग सोबती प्याले याच्याविषयी आपुलकीने लिहिले. न्यूमनचा स्वयंपाक करणारा सेवक रुडॉल्फ सरोवराच्या परिसरात मगरीने ओढून नेला, तेव्हाचे त्याचे दुःख कृत्रिम नाही. अशी पाने विरळ आहेत म्हणून ती शोधावीत. मात्र आक्षेपार्ह शब्द गाळून संक्षिप्त केलेल्या आवृत्त्या घेऊ नयेत. त्यांत लेखक होता त्याहून बरा दिसतो.

प्रश्न : पानांवर तपकिरी डाग पडू लागले आहेत. काय करावे?

उत्तर : डाग घरी पुसण्याचा किंवा रसायनाने काढण्याचा प्रयत्न करू नये. दमट हवा हे त्याचे प्रमुख कारण आहे, म्हणून पुस्तके बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नयेत, कपाटात हवा खेळती ठेवावी आणि आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या आसपास राहील, असे पाहावे. घडीचा नकाशा वारंवार उघडण्याऐवजी त्याचे छायाचित्र काढून, ते मोठ्या आकारात छापून वाचताना शेजारी ठेवावे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली यांतील अनेक पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात. रोजचे वाचन तेथे करावे आणि जुनी प्रत चित्रे व नकाशे पाहण्यापुरती हाताळावी.