गाडीच्या ब्लूटूथवर गाणी वाजतात, पण कॉल फोनवरच येतो. काय करावं?

सेकंड हँड गाडी, बाहेरून बसवलेला टचस्क्रीन, गाणी नीट लागतात आणि कॉल मात्र फोनवरच येतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या गाडीतही गेली तीन वर्षं हेच चालू आहे. मी ते मुद्दाम तसं ठेवलंय.

आधी उपाय सांगते. फोन गाडीला एकदा जोडला की सगळं आपोआप जोडलं जातं, असं नसतं. गाण्यांची वाट वेगळी, तिला ए-टू-डी-पी म्हणतात. कॉलची वेगळी, ती एच-एफ-पी. नाव-नंबर गाडीत उतरतात ते तिसऱ्याच वाटेने. एक चालू आणि दुसरी बंद, असं होऊ शकतं आणि तुमचं तेच झालंय. अँड्रॉइड असेल तर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. आत 'फोन कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन बटणं असतील. पहिलं बंद दिसेल, ते चालू करा. चालू असूनही कॉल येत नसेल तर इअरबड्स किंवा मनगटावरचं घड्याळ कॉल ओढून घेतंय का ते बघा. तेही नसेल तर गाडी उभी करून दोन्हीकडची नावं पुसा, फोनमधलीही आणि गाडीतलीही. एकीकडचं पुसून भागत नाही. मग नव्याने जोडा, दोन्ही पडद्यांवरचे ६ आकडे जुळले की होकार द्या.

आता ते बटण चालू करण्याआधी माझं ऐका.

माझ्या गाडीतला स्क्रीन दादाने बसवून घेतला. दुकानात दोन तास उभा राहून त्याने सगळं स्वतः लावून दिलं, त्यात 'ऑटो आन्सर'सुद्धा. कॉल आला की पाच सेकंदांत आपोआप उचलला जातो. "स्टिअरिंगवरचा हात काढायलाच नको," तो म्हणाला. मला तेव्हा ते पटलंही होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात आईच्या छातीतल्या गाठीची बायोप्सी पुण्यात झाली. रिपोर्ट यायला वेळ होता आणि घरी तुळशीचं लग्न, म्हणून ती हट्टाने साताऱ्याला गेली. चार दिवसांनी मी आणि दादा तिला आणायला गेलो. जाताना आमचं वाजलंच होतं. दादाचं म्हणणं, रिपोर्ट काही येवो, आईला सांगायचं नाही, आधी तो एकटा डॉक्टरांना भेटणार. माझं म्हणणं, सांगायचं, पण घरी, तिच्याजवळ बसून. काहीच ठरलं नाही आणि सातारा आलं.

परतताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला होता, शिरवळ यायचं होतं. आई मागे बसून लग्नातल्या उसाचे करवे खात होती. गाणं मध्येच थांबलं आणि स्क्रीनवर ०२० ने सुरू होणारा नंबर आला. दादाने हात पुढे केला, पण तोवर कॉल उचलला गेला होता. हॉस्पिटलमधल्या बाईंनी आईचं पूर्ण नाव घेतलं, नातेवाईक बोलताय का विचारलं, मी "हो" म्हटलं. "बायोप्सी पॉझिटिव्ह आली आहे. उद्या अकराला ओपीडीत या, जुनी फाइल आणा." चारही स्पीकरमधून, खणखणीत.

त्या बाईंना मी दोष देत नाही. फोन माझ्या कानाला आहे, असंच त्यांना वाटत असणार.

आईने विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना गं?"

तिने मला विचारलं होतं. उत्तर दादाने दिलं. "हो आई, चांगलं."

मी समोरच्या ट्रककडे बघत गाडी चालवत राहिले. आईने पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि मावशीला लावला. रिपोर्ट चांगला आलाय म्हणाली, कुलदेवतेला नारळ बोललीये तो फोडायचाय म्हणाली. नसरापूर येईपर्यंत ती बोलत होती आणि मी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आईने त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले, तेही नेमके. दादाला ती एका शब्दाने बोलली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाली, "तुला तर कळलं होतं ना कालच."

यावर दादाचं आणि माझं आजही पटत नाही. तो म्हणतो, तिची एक रात्र तरी सुखाची गेली, आणि ऑटो आन्सर नसतं तरी तू कॉल उचललाच असतास. नसता उचलला. नंबर बघून मी शिरवळला गाडी बाजूला घेतली असती, खाली उतरून बोलले असते, आणि आईला काय सांगायचं ते निदान दोन मिनिटं विचार करून सांगितलं असतं. ती दोन मिनिटं त्या सेटिंगने घेतली. आणि सुखाची रात्र म्हणे! मावशीला दुसऱ्यांदा फोन करून सांगायला लागलं तेव्हा आईचा आवाज कसा झाला होता, ते ऐकायला तो तिथे नव्हता. तो औषधांच्या रांगेत होता.

आई आता बरी आहे. ऑपरेशन आणि केमो होऊन गेलं, सहा महिन्यांनी तपासणीला येते. गाडीत बसली की आधी विचारते, "फोन गाडीला जोडलाय का?"

म्हणून सांगते, गाडीत दुसरं कुणी बसत असेल तर कॉल स्पीकरवर घेऊ नका. घेतलाच तर पहिलं वाक्य "गाडीत आहे, सगळ्यांना ऐकू जातंय" हे म्हणा. बायकोचा, साहेबांचा, बँकेचा, कुणाचाही असो. आपल्या माणसाचं खाजगी दुसऱ्याच्या कानावर घालायचा हक्क आपल्याला गाडीने दिलेला नाही.

तुम्ही एकटेच चालवत असाल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॉल गाडीवरच असू द्या. चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यातच मोडतं, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा थेट कैदही होऊ शकते. आणि केबल लावून अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, वापरत असाल तर गाफील राहू नका, तिथेही कॉलचा आवाज ब्लूटूथनेच जातो. आयफोनमध्ये कॉल कुठे ऐकू यावा हे ठरवायची सोय वेगळ्या जागी आहे: सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टच, मग कॉल ऑडिओ रूटिंग.

गाडी जुनी घेतलीय ना, मग जोडलेल्या फोनांची यादी उघडून आधीच्या मालकाचा फोन आजच पुसा. त्याच्या घरच्यांची नावं-नंबर अजून तुमच्या स्क्रीनमध्ये असतील. गाडी विकताना लोक सीट कव्हर काढून नेतात आणि हे तसंच ठेवून जातात.

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच स्क्रीनमध्ये ब्लूटूथच्या ॲपमध्येच सेटिंगचं चाक असतं. तिथे 'ऑटो कनेक्ट' आणि 'ऑटो आन्सर' अगदी एकाखाली एक असतात. पहिलं राहू द्या. दुसरं आज गाडीत बसाल तेव्हा बंद करा.