बॅच फाइलने दोनशे पीडीएफ उतरवल्या, निम्म्या उघडतच नाहीत. बॅच सोडून पायथन शिकू का?

नाही. आधी आहे ती बॅच फाइल, म्हणजे विंडोज एकामागून एक चालवतं त्या कमांडींची फाइल, नीट लिहा.

तुम्ही लिहिलंय की यादीतल्या दोनशे पीडीएफ कर्लने, म्हणजे पत्ता दिला की फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामने, उतरवल्या, काळ्या खिडकीत एकही एरर दिसला नाही, तरी निम्म्या फाइली उघडत नाहीत. आणि ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं की बॅच आता संपलं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य मी माझ्याच घरात, ऐन चवथीत, सगळ्या गोतावळ्यासमोर ऐकून घेतलंय.

गोव्यात आमच्या वाळपईकडे एक भजनी मास्तर होते. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं पेटी शिकलो. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह १८९९ पासून चालत आलाय. तिथे मास्तर गायला बसले की मागची पोरं गप्प व्हायची. त्यांच्या शिकवणीच्या कॅसेटी होत्या. इथल्या पावसात त्यांना बुरशी धरली, पण त्याआधी मुलाने त्या संगणकावर उतरवून स्वतःच्या साइटवर चढवल्या होत्या. एकूण ४१२ एमपीथ्री. मास्तर गेल्यावर वर्षभरात मुलाचा लंडनहून निरोप आला: सप्टेंबरअखेर साइट बंद करतोय, माझी हार्ड डिस्क गेली, तुम्हाला हवं ते उतरवून घ्या. म्हणजे जगात ती एकच प्रत उरली होती.

फाइलींची नावं देवनागरीत, अभंगाच्या पहिल्या ओळीची. मी सगळे पत्ते बॅच फाइलीत एकाखाली एक लिहिले आणि चालवली. एकही गाणं आलं नाही. भाचा बंगळुरूहून चवथीला आला होता, सॉफ्टवेअरमध्ये आहे. खिडकीकडे बघून म्हणाला, "मामा, बॅच कोण वापरतं आता? पायथनने पाच मिनिटांत होतं." खरंच पाच-दहा मिनिटांत त्याच्या लॅपटॉपवर ४१२ फाइली दिसायला लागल्या. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. फाइली पेन ड्राइव्हवर देऊन तो रात्रीच्या बसने परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोल्डर साइझप्रमाणे लावला. १३१ फाइली अगदी एकाच साइझच्या, दोन-दोन केबी. एक नोटपॅडमध्ये उघडली तर आत वेबपान: सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा. भाच्याने एका दमात वीस-वीस फाइली मागितल्या होत्या. साइट दमली आणि एररचं पान पाठवत राहिली, आणि त्याच्या प्रोग्रामने ते पान गाण्याच्या नावाने ठेवून दिलं. फोन केला तर म्हणाला, साइटच खराब असेल.

तुमच्या निम्म्या पीडीएफचंही हेच झालंय, पैजेवर सांगतो. न उघडणारी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कर्लला सर्व्हरने ४०४चं, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’चं, पान दिलं तरी त्याच्या लेखी काम झालेलं असतं. त्याला लहान एफचा पर्याय द्यावा लागतो, मग तो असं पान ठेवत नाही आणि एरर कोड २२ देऊन थांबतो. सोबत मोठा एल द्या, म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवलेला असला तर कर्लही तिकडे जाईल. हे दोन पर्याय नसलेली ओळ मी चूकच मानतो.

आता ४०४ का येतं ते. देवनागरी नाव पत्त्यात जाताना प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षरसंकेताच्या तीन बाइटांत मोडते आणि प्रत्येक बाइटाआधी टक्क्याची खूण बसते. ‘भ’ म्हणजे %ई०%ए४%एडी. बॅच फाइलीत मात्र दोन टक्क्यांमधला मजकूर म्हणजे व्हेरिएबलचं, आधी साठवलेल्या किमतीचं, नाव. ‘ई०’ नावाचं व्हेरिएबल कुठेच नसतं, म्हणून तिथे रिकामी जागा भरली जाते. ‘भज’ या दोन अक्षरांचं शेवटी उरलं ‘ए४ई०९सी’. एको चालू ठेवून, म्हणजे चालणारी प्रत्येक ओळ खिडकीत दिसेल असं करून, मी ही ओळ डोळ्यांनी पाहिली तेव्हा कळलं की बॅच मेलेलं नाही, मी त्याला पत्ता चुकीचा भरवत होतो. तुमची नावं इंग्रजी असतील, पण त्यांत मोकळी जागा असेल तर पत्त्यात %२० येतं. बॅच त्यातलं %२ म्हणजे दुसरं आर्ग्युमेंट, बॅच चालवताना नावापुढे दिलेला दुसरा शब्द, समजतं, ते रिकामं असतं, आणि नुसतं शून्य उरतं. ज्या नावांत जागा नाही त्या फाइली येतात, बाकीच्या बुडतात. तुमचं ‘निम्म्या’ बहुधा इथून आलंय.

प्रत्येक टक्का दुप्पट लिहिला तर भागतं, पण ४१२ पत्त्यांत ते कोण करत बसणार. पत्ते वेगळ्या टेक्स्ट फाइलीत ठेवा आणि फॉर स्लॅश एफ या कमांडच्या लूपने एकेक ओळ वाचा. तिथून आलेल्या टक्क्यांना बॅच हात लावत नाही. फक्त त्या लूपमधून कॉल कमांडने पत्ता पुढे पाठवू नका. कॉल ओळ पुन्हा वाचतं आणि टक्के पुन्हा खातं. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली. आणि पत्ता थेट बॅचच्या ओळीत लिहिलात तर त्याभोवती दुहेरी अवतरण हवंच, नाहीतर अँडच्या खुणेपाशी (&) ओळ तुटते.

नाव कर्लवर सोपवू नका. तो टक्क्यांसकट नाव ठेवतो, आणि विंडोजमध्ये एका नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. तीस अक्षरांची अभंगाची ओळ टक्क्यांत २७० होते. मी यादीत प्रत्येक ओळीला आधी क्रमांक, मग पत्ता असं ठेवलं आणि फाइली ००१, ००२ अशा उतरवल्या.

लाइट जाण्याचाही विचार करावा लागला. आमच्या सत्तरी तालुक्यात वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडतेच. म्हणून कर्ल आधी ‘००१.पार्ट’ या नावाने उतरवायचा आणि दोन अँडच्या खुणांपुढची नाव बदलणारी रेन कमांड, म्हणजे कर्ल यशस्वी झाला तरच, त्याचं ‘००१.एमपीथ्री’ करायची. लूपच्या सुरुवातीला इफ नॉट एक्झिस्ट, म्हणजे फाइल आधीच नसेल तरच उतरव. लाइट आली की तीच बॅच पुन्हा डबल क्लिक, आलेलं सोडून उरलेलं येतं. दोन फाइलींमध्ये टाइमआउटने पाच सेकंदांची विश्रांती. १३१ पैकी १२८ दोन रात्रींत आल्या. उरलेल्या तिघांना खरंच ४०४ येत होतं. मुलाने चढवतानाच नावं चुकवली होती. कळवलं, त्याने दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.

२०७ क्रमांकाची फाइल त्या दोन केबीवाल्यांतली. तीत मास्तर एका पोराला तिसऱ्या ओळीवर थांबवतात: "परत. समेवर ये." तो पोर मी आहे. भाच्याच्या पेन ड्राइव्हवर त्या जागी एररचं पान होतं आणि सगळे मला सांगत होते, काम झालं ना, आता कशाला जागतोस.

बिट्सॲडमिनचं, विंडोजच्याच फाइल उतरवणाऱ्या जुन्या कमांडचं, विचारलंत: मायक्रोसॉफ्टनेच त्याला निवृत्त ठरवलंय, नव्याने धरू नका. कर्ल १९९८ पासून आहे, डॅनियल स्टेनबर्गने केलेला, आणि २०१८ च्या विंडोज १० पासून आयताच मिळतो; ऑफिसच्या लॉक केलेल्या मशीनवरही काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पायथन विंडोजसोबत असं आयतं येत नाही. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये, कमांडींच्या दुसऱ्या खिडकीत, मात्र नुसतं कर्ल लिहिलं तर भलतीच कमांड चालते, पुढे डॉट ईएक्सई लावा.

लॉगिन किंवा कॅप्चाच्या मागे असलेल्या फाइलींना यातलं काही चालणार नाही. अर्धवट फाइल पुढे चालू करणारा मोठा सीचा पर्याय नेट तुटलं तर उत्तम, पण मशीनच धाडकन बंद पडलं असेल तर पार्ट फाइल काढून नव्याने घ्या, शेवटचा तुकडा बिघडलेला असू शकतो. आणि पायथन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातही सर्व्हरचं उत्तर तपासणारी एक ओळ लागते, भाच्याने ती लिहिली नव्हती, एवढंच.

न उघडणाऱ्या पीडीएफ सगळ्या एकाच साइझच्या आहेत का, तेवढं खाली लिहा.