जुन्या सहा गिअरच्या सायकलची चाकं नव्या ९ किंवा १० स्पीडच्या गिअरला चालतील का, की चाकंच बदलावी लागतील?

चाकं बदलू नका, मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बदला.

तुम्ही लिहिलंय की सायकल वडिलांची आहे, फ्रेम स्टीलची, रिम सरळ आहेत आणि दुकानदार म्हणतो, ‘चाकं भंगारात द्या, नवीन जोडी घ्या.’ हेच वाक्य मी आठ वर्षांपूर्वी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात उभं राहून ऐकलंय. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी सायकल मामांची. मामा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. स्टीलची रोड सायकल, ७००सी मापाची ॲल्युमिनियम रिम, ३६ स्पोक, मागे सहा चकत्यांचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील. दोन्ही चाकं त्यांनी स्वतः बांधलेली. त्यांचे गुडघे गेल्यावर सायकल माझ्याकडे आली. फ्रीव्हीलचे दाते झिजून माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले होते. माझा बेत साधा होता: जुनं काढायचं आणि त्याच आट्यांवर सात चकत्यांचं नवं बसवायचं. आटे सारखेच असतात, १.३७ इंच आणि इंचाला २४. म्हणून चाक दुकानात दिलं.

संध्याकाळी गेलो तर चाक नव्हतंच. एका पिशवीत रिम, दुसऱ्या हातात हब, आणि हबला फ्रीव्हील तसंच चिकटलेलं. गंजामुळे ते सुटेना, म्हणून पोराने कटरने सगळे स्पोक कापले होते, हब लेथवाल्याकडे न्यायचा म्हणून. तेही एका बाजूचे सगळे आधी आणि मग दुसऱ्या बाजूचे. मालकाने नव्या चाकांची जोडी काउंटरवर ठेवली आणि ते भंगाराचं वाक्य ऐकवलं.

मी रिम आणि हब घेऊन महाल भागात मामांकडे गेलो. त्यांनी हब हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, ‘अरे, चाक हाच तर पान्याचा दांडा असते. दांडाच तोडला, आता फिरवशील कायनं?’

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्याही चाकावर फ्रीव्हीलच असणार. पेडल मारताना ते दर वेळी आणखी घट्ट होत जातं. तीस वर्षं चालवलेलं फ्रीव्हील साध्या पान्याने सुटत नाही. रात्रभर तेल सोडायचं. सकाळी त्याच्या खाचांचा रिमूव्हर बसवायचा आणि तो निसटू नये म्हणून एक्सलचा नट वरून हलका लावायचा. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये धरायचा, चाक वर आडवं. टायर दोन्ही बाजूंनी पकडून चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. कडकन आवाज येतो. आला की लगेच नट सैल करायचा, नाहीतर आट्यांवर ताण येतो. स्पोक गेले की ही ताकद लावायला काही उरत नाही.

रिमचं काय झालं ते मामांनी फरशीवर ठेवून बघितलं. एका जागी बोट दाबलं की समोरची कड तांदळाच्या दाण्याएवढी उचलायची. ताण एकदम सुटल्यामुळे झालेलं ते. गुडघ्याखाली धरून त्यांनी हाताने सरळ केली.

मग एक्सल काढला आणि खिडकीच्या काचेवर लोळवला. मधून उजेड दिसत होता, म्हणजे एक्सल वाकलेला होता. फ्रीव्हीलच्या हबात उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि चकत्यांच्या खालचा एक्सल नुसता लोंबतो. चकत्या वाढवाल तेवढं ते लोंबणं वाढतं. कॅसेट म्हणजे आट्यांवर न फिरवता हबवर नुसता सरकवून बसवायचा चकत्यांचा संच. त्याच्या हबात, म्हणजे फ्रीहबमध्ये, उजवे छर्रे पार टोकाशी असतात. ते पाहून मीच म्हटलं, आता सात नको, ९ करू. मामांना नवीन सामानाचा राग असेल असं मला वाटायचं. ते म्हणाले, ‘चाकाले काही झालं नाही. मधलं म्हातारं झालं, ते बदल.’

आता मापं. मागच्या चिमट्याच्या आतलं अंतर माझ्या फ्रेममध्ये १२६ मिलिमीटर होतं. सहा-सात गिअरच्या जुन्या रोड सायकलींत ते साधारण तेवढंच असतं, पाच गिअरच्या त्याहून जुन्यांत १२०. रिम ब्रेकचे नवे रोड हब १३० चे. स्टीलमध्ये ४ मिलिमीटर म्हणजे बाजूला २. चाक घालताना हाताने ताणलं की जातं. ३६ भोकांचा १३० चा हब मागवला. शिमानोची ८, ९ आणि १० स्पीडची फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट बसते तो हबचा भाग, एकच असते, म्हणून एकदा हा हब घातला की तुमच्या ‘९ की १०’ला चाकापुरता अर्थ उरत नाही. १० च्या बऱ्याच रोड कॅसेटमागे १ मिलिमीटरचा स्पेसर लागतो, तो कॅसेटसोबतच येतो.

चकत्यांमधल्या अंतराचा खरा संबंध शिफ्टरशी, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याशी आहे. सहाच्या दोन चकत्यांमध्ये साधारण ५.५ मिलिमीटर असतात, सातच्या ५, ९ च्या ४.३५ आणि १० च्या ३.९५. शिफ्टरची प्रत्येक टिचकी त्याच अंतराच्या हिशोबाने केबल ओढते. म्हणून जुनं फ्रीव्हील ठेवून नुसता नवा शिफ्टर लावाल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चेन मध्येच खरखरत राहील, कितीही ट्यूनिंग करा. कॅसेट, शिफ्टर आणि चेन एका घरातले घ्या. रिमला यातलं काही कळत नाही.

चाक बांधायला दोन रविवार गेले. सायकल उलटी ठेवून चिमट्यालाच स्टँड केलं. स्पोक नवे, उजवीकडचे डावीकडच्यापेक्षा २ मिलिमीटर आखूड, कारण कॅसेटला जागा देताना हबची उजवी कड मध्याकडे सरकते. रिम मध्यावर आणली की उजवे स्पोक कडक होतात आणि डाव्यांचा ताण त्यांच्या निम्म्याहून जरा जास्त एवढाच उरतो. मामा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करत होते. नखाने एकेक स्पोक छेडायचे. उजवे सगळे एका सुरात, डावे त्याखालच्या एका सुरात. जो बेसूर लागे त्याचं निपल, म्हणजे रिमकडचा छोटा नट, पाव वळसा. औट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढायला त्यांनी चिमट्याला बांधलेली एक काडी पुरली.

आमच्या फुटाळ्याच्या सायकल ग्रुपात एक मित्र आहे. तो अजून म्हणतो, ‘एवढ्या मेहनतीत नवीन जोडी आली असती, हे म्हणजे जुगाड आहे.’ त्याला इथेच उत्तर देतो. रामटेकला गेलो होतो तेव्हा मनसरच्या अलीकडे त्याच्या २० स्पोकच्या चाकाचा एक स्पोक गेला. रिम ब्रेकला एवढी घासली की चाक फिरेना, आणि तसला स्पोक वाटेत कुठेच मिळाला नाही. सायकल टेम्पोत घालून आणावी लागली. माझाही एक स्पोक पुढच्याच उन्हाळ्यात बुटीबोरीजवळ तुटला. ३६ पैकी एक. मी तो शेजारच्या स्पोकला गुंडाळला, ब्रेक जरा सैल केला आणि घरी आलो. आपल्या साध्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक उगाच देत नाहीत. गव्हाचं पोतं लादून ती खेड्यातल्या रस्त्यांवर चालते. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर रोज आपटणाऱ्या सायकलीला वजन कमी करण्यापेक्षा हे जास्त लागतं. जुगाड म्हणजे न मोजता केलेलं काम. आम्ही प्रत्येक गोष्ट व्हर्निअरने मोजली होती.

मित्राचं एक बरोबर आहे: डिस्क ब्रेक हवा असेल तर ही चाकं उपयोगाची नाहीत.

आणखी काही, जे आधीच सांगायला हवं होतं. फ्रेम ताणायचं मी सांगितलं ते फक्त स्टीलसाठी. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची असेल तर अजिबात ताणू नका, तडा जातो. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या कडेवर पट्टी उभी धरा. मधे खोलगट दिसली तर रिम संपली, तिच्यावर नवा हब बांधू नका. रिम लोखंडी असेल तर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाही, मग माझा सगळा आग्रह मागे घेतो, रिम बदला. टायरवर ६३० लिहिलं असेल तर चाक २७ इंची आहे, ७००सी म्हणजे ६२२. हब दोन्हीत बसतो, पण पुढे कधी रिम ६२२ ची केली तर ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली आणावे लागतील, तेवढी खाच ब्रेकला आहे का बघा. ११ स्पीडच्या रोड कॅसेटला बॉडी १.८५ मिलिमीटर लांब लागते, म्हणून त्या मोहात पडू नका.

हब मागवण्याआधी रिमची भोकं मोजा, एअरच्या व्हॉल्व्हचं सोडून. आणि चाक दुकानात द्यावंच लागलं तर फ्रीव्हील सुटेपर्यंत तिथेच उभे राहा.